सेवायोजन कार्यालयं बंद करा म्हणणाऱ्यांना

दरवर्षी निकालांचे दिवस आले की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे तीन गटांतून आला, त्यातला एक आमच्या माजी विद्यार्थ्यांचाच. मजकूर थोडक्यात असा: ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून आजवर कुणाचं भलं झालं नाही. कोट्यवधी नावं नुसती पडून आहेत. नोकरी ओळखीनं लागते, कार्डानं नाही. आता सगळं मोबाईलवर मिळत असताना ही कार्यालयं म्हणजे जनतेच्या पैशाची नासाडी. बंद करा.’

मी आयटीआयमध्ये फिटरच्या मुलांना शिकवतो. असं काही वाचून त्यातली काही मुलं नोंदणीच करत नाहीत, म्हणून हे उत्तर.

‘कुणाचं भलं झालं नाही’ हे आधी घेऊ. नोकरी शोधणाऱ्यांची नावं नोंदवून ती मालकांकडे पाठवणारी ही सरकारी सेवा जुलै १९४५ मध्ये सुरू झाली, ती महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामधंद्याला लावण्यासाठी. फाळणीनंतर निर्वासितांना काम शोधून देण्याची जबाबदारी तिच्यावर आली आणि १९४८ पासून ती सगळ्यांसाठी खुली झाली. १९५६ मध्ये या कार्यालयांचा रोजचा कारभार राज्यांकडे आला. पुढची कित्येक वर्षं सरकारी खात्यांत खालच्या पदांची भरती मोठ्या प्रमाणावर या कार्यालयांनी पाठवलेल्या यादीतून व्हायची. घरात किंवा शेजारी कुणी पाटबंधारे खात्यातून, झेडपीतून निवृत्त झालेलं असेल तर त्यांना विचारून बघा, मुलाखतीचा पहिला कॉल कुठून आला होता.

मग कॉल कमी का झाले? १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फक्त यादीतल्यांना बोलावणं पुरेसं नाही. जाहिरात द्या आणि थेट अर्ज करणाऱ्यांचाही विचार करा. ते योग्यच होतं. यादीत नाव नाही म्हणून लायक माणसाला दार बंद का ठेवायचं? पण त्यानंतर नोंदणीच्या कार्डाची मक्तेदारी संपली. कार्यालयाचं कामही बदलत गेलं आणि महाराष्ट्रात तर नावही बदललं: जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. लोक अजून एम्प्लॉयमेंट ऑफिसच म्हणतात, मीही म्हणतो. वडिलांच्या काळातल्या कॉलची वाट आज बघणाऱ्याची निराशा मला समजते. तिच्यावरून कार्यालय निरुपयोगी ठरत नाही.

कोट्यवधी नावांची गोष्ट खरी आहे. देशभरातल्या नोंदवहीत एके काळी चार कोटींहून जास्त नावं होती आणि वर्षाला नोकरी लागलेल्यांचा आकडा काही लाखांतच अडकायचा, म्हणजे शंभरात जेमतेम एक. हे मी झाकणार नाही. पण ती नोंदवही म्हणजे बेरोजगारांची मोजदाद नव्हे. त्यात शिकणारी मुलं असतात, कुठेतरी कामाला लागलेले पण चांगल्या जागेच्या शोधात असलेलेही असतात. ज्यांना स्वतःच्या धडपडीनं नोकरी लागली ते नाव काढायला परत येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे, कार्यालय जागा निर्माण करत नाही. जागा कळवायच्या असतात मालकांनी. १९५९ चा सक्तीनं रिक्त पदं कळवण्याचा कायदा १ मे १९६० पासून लागू झाला. सगळ्या सरकारी आस्थापना आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांनी रिक्त जागा कळवायच्या, असं तो सांगत होता. कळवल्या म्हणून यादीतलाच माणूस घ्यायची सक्ती मात्र नव्हती. न कळवल्यास पहिल्या वेळी दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये, पुन्हा चुकल्यास हजार. पाचशे रुपयांना कुठला कारखानदार घाबरेल? हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे. राग काढायचाच असेल तर तो इथे काढा, जागा न कळवणाऱ्यांवर आणि त्यांना मोकळं सोडणाऱ्यांवर. खिडकीमागे बसलेल्या माणसाकडे जागा आलीच नाही, तर तो पाठवणार कुठे?

आता ‘नोकरी ओळखीनं लागते’. या एका वाक्याशी मला सगळ्यात जास्त भांडायचं आहे, कारण ते खरं आहे आणि म्हणूनच निष्कर्ष उलटा निघतो. ज्याचा मामा कंपनीत सुपरवायझर आहे त्याला कुठल्याही कार्यालयाची गरज नाही. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी कारखान्याचं गेट ओलांडलेलं नाही, त्यानं ओळख आणायची कुठून? ब्रिटनमध्ये १९०९ मध्ये कायदा करून १९१० पासून सरकारी रोजगार केंद्रं उघडली, तीही कामगाराला दारोदार, गेटोगेट हिंडायला लागू नये म्हणून.

अशा मदतीनं खरंच फरक पडतो का? इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबामध्ये, संशोधकांनी नोकरी शोधणाऱ्या तरुणांवर एक प्रयोग केला. काहींना शहरात हिंडायला बसभाडं दिलं. काहींना कार्यशाळेत बायोडाटा लिहायला, मुलाखत द्यायला शिकवलं, त्यांच्या कौशल्यांची चाचणी घेऊन प्रमाणपत्र दिलं. सुरुवातीला दोन्ही गटांना फायदा झाला. चार वर्षांनी बसभाड्याचा परिणाम विरून गेला होता. कार्यशाळेतल्यांची कमाई मात्र इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. आणि सर्वाधिक फायदा झाला तो एरवी मागे पडणाऱ्यांना. मला हे वाचून आमची मुलं आठवली. रोजगार मेळाव्याला येताना प्लास्टिकच्या पिशवीत गुणपत्रिकांच्या झेरॉक्स घेऊन येतात, बायोडाटा नसतो. लेथवर हात इतका साफ की बघत राहावं, आणि ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की मान खाली. अशा मुलाशी पंधरा मिनिटं बसून बोलणारा मार्गदर्शक अधिकारी हीच त्याची ओळख असते.

दिव्यांगांची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यांच्यासाठीचं देशातलं पहिलं विशेष रोजगार केंद्र मुंबईत १९५९ मध्ये सुरू झालं. मालकाला भेटून ‘हा माणूस हे काम करू शकतो’ असं समजावणं कुठलं अ‍ॅप करणार?

अ‍ॅपवरून आठवलं, ‘सगळं मोबाईलवर आहे’ याचं उत्तर सोपं आहे: ही सेवाही मोबाईलवर आहे. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, राज्याचं महास्वयम् आहे, नोंदणी फुकट आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असलेल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरलं. त्याचा अर्जही महास्वयम्‌वरूनच. प्रशिक्षण संपल्यावर पुढे काय, हा त्या मुलांचा प्रश्न रास्त आहे आणि सरकारनं त्याचं उत्तर द्यायला हवं. पण नोंदणीच नसेल तर त्या प्रश्नापर्यंतही पोचता येत नाही.

आणि फुकट या शब्दावर जरा थांबा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मुलाला आखातात पाठवतो म्हणणाऱ्या एका माणसाला उसने पैसे काढून साठ हजार दिले. नोकरी नाही, पैसे नाहीत. परदेशातल्या नोकरीसाठी सरकारकडे नोंदणी असलेल्या एजंटालाही तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त फी घेता येत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सरकारी केंद्रात हे विचारायला दमडी लागत नाही. ही कार्यालयं बंद झाली तर त्या रिकाम्या खुर्चीवर कोण येऊन बसेल ते आम्हाला गावात रोज दिसतं.

राहिली नासाडी. सरकारी मदतीनं सगळं साधतं असं मी म्हणत नाही. फ्रान्समध्ये पदवीधर बेरोजगारांना मार्गदर्शन देऊन तपासणी केली, तेव्हा ज्यांना मदत मिळाली ते लवकर कामाला लागले, पण काही अंशी मदत न मिळालेल्यांच्या जागा घेऊन. जागाच कमी असतील तर मार्गदर्शनानं रांगेतला क्रम बदलतो, रांग संपत नाही. हे मान्य करूनही मी विचारतो, रांगेत नेहमी शेवटी उभं राहणाऱ्याला एकदा तरी पुढे आणणं ही नासाडी कशी?

माझ्या विद्यार्थ्यांनो, महास्वयम्‌वर दहावीनंतर सायबर कॅफेतून नोंदणी केली होती ना? आज उघडून बघा. शिक्षणाच्या रकान्यात अजून दहावीच असेल, ट्रेडचं नाव नसेल आणि मोबाईल नंबर त्या कॅफेवाल्याचा असेल. कॉल आलाच तर त्याला जाईल. आधी तो नंबर बदला, मग आयटीआयचं प्रमाणपत्र चढवा. अडलं तर आयटीआयच्या कार्यशाळेत या, एकत्र बसून भरू.