"आमच्या वेळी असलं काही नव्हतं" या फॉरवर्डला उत्तर

सध्या प्रत्येक फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आमच्या वेळी ऑटिझम (स्वमग्नता), एलडी (वाचन-लेखन-गणित शिकण्यातली अडचण), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलं काही नव्हतं, मोबाइलने आणि आईच्या लाडाने पोरं बिघडली, आता सर्टिफिकेट काढायचं की फुकट मार्क आणि आरक्षण, आणि या मुलांसाठी काम करणारे संस्थावाले त्यावर पोट भरतात. मी सोशल वर्कमध्ये आहे, रोज याच घरांमध्ये जाणं असतं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"आमच्या वेळी नव्हतं." अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांचा ऑटिझमवरचा पेपर 1943 चा आहे, तेव्हा कुठला आलाय मोबाइल! तुमच्या वर्गात पण ही मुलं होती, कुणाला 'ढ' म्हणायचे कुणाला 'वांड', मार खाऊन खाऊन शाळा सुटली त्यांची. आजही आश्रमशाळेतल्या पोराला हेच शब्द मिळतात आणि फी परवडणाऱ्या घरातल्या मुलाला निदान मिळतं. राग यायचा तर याचा यावा.

"आईचे लाड." आईमुळे ऑटिझम होतो ही थिअरी अमेरिकेत कधीच खोटी ठरली. आपल्याकडे सासू, नवरा, शेजारीण सगळे अजून तिलाच धरतात.

"सर्टिफिकेट काढलं की झालं." कधी गेलायत का सोबत? यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, ऑनलाइन फॉर्म भरा, मग जिल्हा रुग्णालय, तपासणारं डॉक्टरांचं बोर्ड ठरलेल्या वारीच बसणार, सायकॉलॉजिस्ट आले नाहीत की पुढची तारीख. पहाटेच्या एसटीने आलेली बाई, पोरगा गर्दीने घाबरून कान दाबून ओरडतोय, बाकावरचे लोक संस्कार काढतायत, आणि तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. अपंगत्व 40 टक्के भरलं नाही तर आरक्षणही नाही. केंद्राची दिव्यांग पेन्शन तर 80 टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखालचं घर असेल तरच, त्यात केंद्राचा वाटा महिना 300 रुपये, एवढ्यासाठी कोण नाटक करेल? खोटी सर्टिफिकेटं निघतात, मान्य, त्यासाठी 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम 91 आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ते लावा की, खऱ्या मुलांना का झोडपताय?

"फुकट मार्क." परीक्षेत रायटर (सांगितलेलं उत्तर लिहून देणारा) घेणाऱ्याला तासाला 20 मिनिटं जादा मिळतात आणि रायटरने मुलगा सांगेल तेवढंच लिहायचं असतं. पास होण्यापुरते सवलतीचे गुण असतात, त्यावर कुणी मेरिटला येत नाही. 2021 मध्ये विकाश कुमारच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलं की रायटरसाठी 40 टक्क्यांची अट लावता येणार नाही.

"एडीएचडीला आरक्षण." त्या 2016 च्या कायद्यातल्या अपंगत्वाच्या 21 प्रकारांत एडीएचडीचं नावच नाहीये! ऑटिझम, एलडी, बौद्धिक अपंगत्व, मानसिक आजार, बहुविकलांगता या सगळ्यांना मिळून सरकारी नोकरीत 1 टक्का.

राहिले संस्थावाले. हिशोब मागा, जरूर मागा. पण ज्या तालुक्यात एक स्पीच थेरपिस्ट नाही तिथे ती संस्था उद्या बंद पडली तर त्या आईने पोराला घेऊन कुठं जायचं, तेही त्याच मेसेजमध्ये लिहा.