सून कायद्यात बसत नाही

लातूर जिल्हा परिषदेनं २०२०-२१ मध्ये आईबापांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापून तो आईवडिलांच्या खात्यात टाकायला सुरुवात केली होती. ती जुनी बातमी परवा आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पुन्हा फिरवली आणि वाद पेटला. काकांनी जाता जाता मला चिमटा काढला, "तुमच्या जर्मनीत तर सगळे म्हातारे आश्रमात. नाती आहेतच कुठे तिकडे!"

काकांशी ग्रुपवर वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून इथे लिहितो.

२०२३ च्या सरकारी मोजणीनुसार जर्मनीत सुमारे ५७ लाख लोकांना रोजच्या देखभालीची गरज आहे आणि त्यातले ८६ टक्के आपापल्या घरीच राहतात. त्यातल्या बऱ्याच जणांचं घरचीच माणसं करतात. फरक आहे तो हिशेबाचा. १९९५ पासून इथे देखभाल विमा सक्तीचा आहे. माझ्या वरच्या मजल्यावरची बाई आईचं सगळं एकटी करते. विम्यातर्फे तपासणीला माणूस आला, त्यानं आजींना उठून उभं राहायला लावलं, कपडे स्वतः घालता येतात का, जिना चढता येतो का, आज वार कोणता, असं सगळं विचारून गुण मांडले. श्रेणी दुसरी ठरली, महिन्याला ३४७ युरो मंजूर झाले. आई ते लेकीला देते. शिवाय लेकीच्या पेन्शनचे हप्ते विमाच भरतो. एवढ्यात कुणाचं घर चालत नाही, आणि मायलेकींची भांडणं मला खालपर्यंत ऐकू येतात. पण करतंय कोण, हे कागदावर आहे.

आमच्याकडे आईचं कोण करतं? वहिनी. रात्री दोनदा उठून तिला बाथरूमला नेणं, इन्सुलिन, पथ्याचा वेगळा स्वयंपाक. आईबापांना सांभाळायची जबाबदारी अपत्यांवर टाकणाऱ्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात 'अपत्य' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात तिचं आणि जावयाचं नाव घातलं, पण जबाबदारी टाकण्यापुरतं! त्याचा पुढे कायदाही झाला नाही. तोवर कौतुक माझं होतं, कारण पैसे मी पाठवतो: "लांब राहूनही आईला विसरला नाही हो पोरगा."

रक्ताच्या नात्याचा एवढा गजर करणाऱ्या आपल्या घरांत म्हातारपण बहुतेक वेळा रक्ताचं नसलेलं माणूसच काढतं, नाहीतर नर्सिंग ब्युरोकडून आलेली पगारी बाई. पगार कापायच्या चर्चेत या दोघींचा विषयच निघत नाही.

वहिनींच्या नावानं दरमहा वेगळे पैसे टाकू, असं मी सुचवलं. दादा उखडला, "घरच्या बाईला पगार देणार का?" मी म्हटलं, हो, आणि आधीच द्यायला हवा होता. वहिनी फोनवर म्हणाल्या, "पैसे टाका भाऊजी, नाही म्हणत नाही. पण दिवाळीला महिनाभर या, आणि रात्रीचं तुम्ही बघा."