‘कृष्णवर्णीयांनी स्केटबोर्डिंगला फक्त कपडे आणि संगीत दिले’: एका दाव्याची तपासणी

स्केटबोर्डिंग हा कॅलिफोर्नियातील गोऱ्या सर्फरांचा, म्हणजे समुद्राच्या लाटांवर फळीवरून स्वार होणाऱ्यांचा, खेळ आहे, कृष्णवर्णीय त्यात नव्वदच्या दशकात हिप-हॉपचा हात धरून आले, त्यांनी कपडे आणि संगीत दिले, खेळ मात्र होता तसाच राहिला, असा दावा समाजमाध्यमांवर बिनदिक्कत पुढे ढकलला जातो. त्याचे पहिले वाक्य बऱ्याच अंशी खरे असल्यामुळे पुढचे सगळे खपून जाते.

सुरुवात सर्फरांनी केली, याबद्दल वाद नाही. ‘नव्वदच्या दशकात आले’ हे मात्र साफ चूक आहे. लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिका आणि व्हेनिस परिसरात, म्हणजे ज्याला स्केटर डॉगटाऊन म्हणतात तिथेच, मार्टी ग्राइम्स सत्तरच्या दशकात नावारूपाला आले होते. ऐंशीच्या दशकात पॉवेल पेराल्टासारख्या बड्या कंपनीने स्टीव्ह स्टेडम यांच्या नावाचा बोर्ड बाजारात आणला आणि त्याच दशकात स्टेफनी पर्सन व्यावसायिक स्केटर झाल्या.

खरा मुद्दा दुसरा आहे: खेळ बदलला की नाही? रे बार्बी यांचे १९८८ च्या ‘पब्लिक डोमेन’ या व्हिडिओतील स्केटिंग पाहावे. ‘नो-कम्प्लाय’ या करामतीत पुढचा पाय बोर्डवरून उतरून जमिनीला टेकतो, मागचा पाय बोर्डाच्या शेपटीला झटका देतो, बोर्ड उसळतो आणि स्केटर पुन्हा त्यावर स्वार होतो. ही करामत बार्बी यांनी शोधलेली नाही. पण उतार नाही, रॅम्प नाही, अशा साध्या सपाट जमिनीवर एकीतून दुसरी करामत वेग न मोडता काढत नेण्याची त्यांची लकब पाहून पुढच्या कित्येक मुलांनी रस्त्यावरचे स्केटिंग गिरवले. (बार्बी उत्तम गिटारही वाजवतात, पण त्यांचा प्रभाव पायांतून आला.) करीम कॅम्पबेल यांची ‘घेटो बर्ड’ तर सरळसरळ नवी करामत होती: बोर्ड हवेत उलटून पायाखाली आला की अगदी शेवटच्या क्षणी बोर्डासकट १८० अंशांचे वळण घ्यायचे. प्रसिद्ध स्केटर टोनी हॉक यांच्या १९९९ च्या व्हिडिओ गेममध्ये कॅम्पबेल हे एक पात्र होते, त्यामुळे ज्यांनी आयुष्यात बोर्डवर पाय ठेवला नाही त्या मुलांनाही त्यांचे नाव तोंडपाठ झाले. याला ‘खेळ होता तसाच राहिला’ म्हणायचे असेल, तर बदल कशाला म्हणायचे हे दावा करणाऱ्यांनीच सांगावे.

पुरस्कारांच्या यादीत कृष्णवर्णीय नावे थोडी, म्हणून प्रभावही थोडा, असेही सुचवले जाते. थ्रॅशर या स्केटबोर्डिंगच्या मासिकाचा ‘वर्षाचा सर्वोत्तम स्केटर’ हा मान १९९० मध्ये सुरू झाला आणि कृष्णवर्णीय स्केटरला, इशॉड वेअर यांना, तो पहिल्यांदा २०१३ मध्ये मिळाला. बार्बी आणि कॅम्पबेल यांची छाप या खेळावर पडली ती त्याआधीच, तेव्हा ही यादी फार तर मान्यता किती उशिरा मिळाली एवढेच दाखवते. पुढे न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्स भागातील टायशॉन जोन्स यांनी २०१८ आणि २०२२ असा दोनदा तो मान मिळवला. २०२२ मध्येच त्यांनी न्यूयॉर्कच्या १४५व्या स्ट्रीटवरील भुयारी स्थानकात एका फलाटावरून रुळांवरून थेट समोरच्या फलाटावर किकफ्लिप, म्हणजे पायाच्या झटक्याने बोर्ड हवेत गरकन फिरवत घेतलेली उडी, मारली.

राहता राहिले कपडे. तेही ‘दिले’ म्हणणे अपुरे आहे, कारण हे स्केटर केवळ कुणाच्या जाहिरातीत उभे राहिले नाहीत, त्यांनी स्वतःचे धंदे उभे केले. फिलाडेल्फियाच्या लव्ह पार्कमध्ये घडलेल्या स्टीव्ही विल्यम्स यांनी, त्यांच्या टोळक्याला ‘डर्टी घेटो किड्स’ म्हणून हिणवले जाई, त्याच नावाची आद्याक्षरे घेऊन ‘डीजीके’ ही कंपनी २००२ मध्ये काढली. कॅम्पबेल यांच्या ‘सिटी स्टार्स’ या स्केटबोर्ड कंपनीने तर पॉल रॉड्रिगेझ यांना उमेदवारीच्या काळात आपल्या चमूत घेतले, आणि पुढे तेच या खेळातले मोठे नाव झाले.