१८० एमबी आणि डाळिंबी उसळ

आज दुपारी माझी आई सोसायटीच्या गेटवर वीस मिनिटं उन्हात उभी होती. हातात डाळिंबी उसळीचा डबा. का? तर गेटचं अ‍ॅप अपडेट होत होतं. १८० एमबी! वॉचमन तिला ओळखतो, तिच्या हातचे लाडू खाल्लेत त्याने. तरी, "आजी, अ‍ॅपमध्ये आल्याशिवाय सोडता येत नाही."

काय असतं हो त्या अ‍ॅपमध्ये? नाव, फ्लॅट नंबर, सोडू की नको. संपलं.

१९९५ च्या सुट्टीत नारायण पेठेत काकांकडे ३८६ कॉम्प्युटर होता, ४ एमबी रॅमचा. त्यावर सिमसिटी, शहर वसवायचा गेम. वीज, प्रदूषण, गुन्हेगारी, जागेचे भाव, ट्रॅफिक, अख्खं शहर चालायचं राव त्यात! पुलावरची एक गाडी मी 'काकांची फियाट' ठरवून टाकली होती. ती घरी पोचते का, ते तासन् तास बघायचो.

२००८ मध्ये त्या गेमचा कोड खुला झाला, तेव्हा कळलं की फियाट नव्हतीच. घरांच्या वस्तीतून गेम रस्त्यावर अंदाजपंचे एक फेरी सोडायचा. नकाशावरच्या ३० चौकोनांच्या आत कामाची जागा सापडली, की वाटेतल्या रस्त्यांचा गर्दीचा आकडा वाढवायचा. आकडा लहान तर तुरळक गाड्यांचं चित्र, मोठा तर भरगच्च. ते चित्र जागच्या जागी हलायचं, बस्स. १२० बाय १०० चौकोनांचा नकाशा, पण प्रदूषणाचा हिशोब चार चौकोनांना मिळून एक, पोलिसांच्या धाकाचा चौसष्टांना एक. आणि सगळं एका दमात नाही, १६ हप्त्यांत. गेमचा कर्ता विल राइट, त्याने हे मुळात ६४ केबी मेमरीच्या कमोडोर या घरगुती कॉम्प्युटरसाठी लिहायला घेतलं होतं. केबी, एमबीचा हजारावा हिस्सा! काय गाळलं तरी चालेल, याचा विचार केला होता त्या माणसाने. आमच्या अ‍ॅपवाल्यांनी काय गाळलं? आईला.

मान्य, आता फोटो लागतात, सुरक्षितता लागते, पन्नास तऱ्हेचे फोन असतात. असेल. आणि सिमसिटीतही घोळ होताच. रस्ते उखडून नुसते रूळ टाकले की ट्रॅफिक गायब. (महापालिकेला कळवू नका.)

उसळ गार झाली होती. आई म्हणाली, "गरम करून घे, चिडतोस काय." मग तिला ती फियाट सांगितली. तिला आठवत होतं. काकू पानं वाढून हाका मारायची, मी हलायचो नाही, आणि काका म्हणायचे, "थांब गं, त्याची गाडी पोचू दे."