मॅनीला मी सूट दिली का? (प्रतिक्रियेला उत्तर, जरा लांबलंय)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली आणि लगेच उत्तर टंकायला घेतलं होतं, पण डोकं तापलेलं असताना लिहायचं नाही असा माझा मलाच दम आहे म्हणून गपचूप झोपलो. सकाळी चहा घेऊन परत वाचली. निम्म्याहून जास्त पटली. उरलेली अजून पटत नाहीये, म्हणून हे पुराण.

बाकीच्यांसाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी २००४ च्या बॉस्टन रेड सॉक्स या बेसबॉल टीममधल्या माझ्या लाडक्या मंडळींचे गुण-दोष लिहून प्रत्येकाला दहापैकी मार्क दिले होते. त्यावर या वाचकांचं (नाव दिलेलं नाहीये त्यांनी) म्हणणं असं की मी दोष मोजतच नाही, निकाल मोजतो. टीम जिंकली म्हणून मॅनी रामिरेझच्या चुका 'गंमत' झाल्या, वेकफील्ड २०२३ मध्ये वारला म्हणून त्याच्या दोषांवर पांघरूण घातलं, आणि बिचाऱ्या बेलहॉर्नला सहा मार्क देऊन वाऱ्यावर सोडलं. जाता जाता एक टोला, की क्रिकेट सोडून हा अमेरिकन विटीदांडू मराठीत लिहायचं काय अडलंय.

टोल्याचं आधी उरकतो. मी २००३ मध्ये इकडे आलो, बॉस्टनच्या पश्चिमेला फ्रेमिंगहॅमला अपार्टमेंट, सांगलीचा एक रूमपार्टनर, गाडी नाही, टीव्हीवर अँटेनाने येतील तेवढेच चॅनेल. क्रिकेट बघायची सोय नव्हती आणि संध्याकाळी बॅट-बॉलचं काहीतरी लागतंच आपल्याला. त्यातून हे लागलं ते लागलंच. आणि विचार मराठीत येतात तर लिहिणार कशात?

आता मुद्द्याचं. निकाल मोजतो हा आरोप अर्धा खरा आहे, आणि त्याचा पुरावा मीच देतो. १६ ऑक्टोबर २००४, शनिवार. न्यूयॉर्क यांकीजनी आम्हाला १९-८ असं धुतलं, आमच्याच फेनवे पार्कवर. सात मॅचची सीरिज, जिंकणारा वर्ल्ड सीरिजला (म्हणजे बेसबॉलच्या फायनलला) जाणार, आम्ही ३-० ने मागे, आणि बेसबॉलमध्ये तोवर ३-० वरून कोणीही सीरिज काढलेली नव्हती. त्यात १९१८ नंतर रेड सॉक्स वर्ल्ड सीरिज जिंकलेले नाहीत हे इथलं शेंबडं पोरही ऐकवायचं. त्या रात्री तुम्ही माझ्या हातात प्रगतीपुस्तक दिलं असतंत तर मी डेव्हिड ऑर्टिझ सोडून सगळ्यांना नापास केलं असतं. अकरा दिवसांनी वर्ल्ड सीरिज जिंकून तेच सगळे देव झाले होते. तेव्हा हो, निकालाचा रंग चढतो, माझ्यावर चढलाय.

पण बेलहॉर्नच्या बाबतीत उलटं झालंय, आणि इथे तुम्ही मला बरोबर पकडलंत. मार्क बेलहॉर्न त्या सीझनला १७७ वेळा स्ट्राइकआऊट झाला, म्हणजे बॅटिंग करताना तीन स्ट्राइक होऊन आऊट. फेनवेच्या लोकांनी त्याला ऐन यांकीज सीरिजमध्ये हूट केलं, घरच्या लोकांनी, आणि मी पण सोफ्यावरून मराठीत केलं. मूळ लेखात मी एवढंच लिहिलं की 'बॅट फिरवण्यापेक्षा उभा राहण्यात पटाईत' आणि पुढे सरकलो. पण त्याच माणसाने त्याच सीझनला ८८ वॉक काढले, आणि त्याचा ऑनबेस .३७३ होता, म्हणजे शंभरदा बॅटिंगला आला तर साधारण सदतीस वेळा आऊट न होता बेसवर. ज्यांना बेसबॉल माहीत नाही त्यांच्यासाठी: पिचरने (आपल्या भाषेत बॉलरने) चार बॉल पट्ट्याबाहेर टाकले आणि तुम्ही ते सोडले तर पहिला बेस फुकट मिळतो, हाच वॉक. बेलहॉर्न बॉल सोडायचा. सोडत सोडत पिचरला दमवायचा. त्याचे वॉक आणि त्याचे स्ट्राइकआऊट एकाच सवयीतून आलेत. आपल्याकडे ऑफ स्टंपबाहेरचे बॉल सोडत बसणारा ओपनर असतो ना, तो नव्वद मिनिटं टिकतो तेव्हा तंत्रशुद्ध, आणि एक दिवस सोडलेल्याच बॉलवर दांडी गुल होते तेव्हा मूर्ख. माणूस तोच, सोडणंही तेच.

आणि मग यांकीज सीरिजची सहावी मॅच, बेलहॉर्नचा तीन रनचा होमरन (आपल्या सिक्सरसारखा), जो अंपायरनी आधी डबल, म्हणजे दोनच बेसचा फटका, म्हणून दिला आणि मग सगळ्यांनी मिळून गोल उभं राहून चर्चा करून बदलला. सातव्या मॅचला अजून एक. वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या मॅचला तिसरा, मैदानाच्या उजवीकडच्या पेस्की पोल नावाच्या खांबावर आदळलेला. लागोपाठ तीन मॅच. आता तुम्ही म्हणाल झालं, परत निकाल मोजायला लागला. नाही, होमरन बाजूला ठेवतो. मॅनेजर फ्रँकोनाने हूटिंग होत असतानाही त्याला बसवला नाही, कारण त्याला ते ८८ दिसत होते आणि मला फक्त १७७ दिसत होते. माझी चूक ती आहे. पुढच्या वर्षी २००५ मध्ये त्याच्या बॅटने दगा दिला, ऑगस्टमध्ये त्याला सोडून दिलं आणि तो गेला कुठे तर यांकीजकडे. असो.

वेकफील्ड. इथे मी मागे हटत नाही.

टिम वेकफील्ड नकलबॉल टाकायचा. बोटांची टोकं बॉलमध्ये रुतवून, जवळपास न फिरवता ढकललेला बॉल. फिरत नसल्यामुळे शिवणीवरून हवा कशी जाईल ते सांगता येत नाही आणि बॉल वाटेत कुठेही झुकतो. वेग ताशी १०५-११० किलोमीटर, जिथे बाकीचे १५० ने टाकतात. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानने २०११ च्या वर्ल्डकपला अधूनमधून काढलेलं अस्त्र तेच, फक्त झहीर ते तोंडी लावायला वापरायचा आणि वेकफील्ड त्याच्यावरच पूर्ण जेवण करायचा. गंमत म्हणजे हा भरती झालेला बॅट्समन म्हणून. बॅट चालेना म्हणून नकलबॉलकडे वळला आणि पुढे दोनशे मॅच जिंकला, त्यातल्या १८६ बॉस्टनसाठी.

दोष झाकले म्हणता, तर घ्या. २००४ ला त्याचा ईआरए (पिचर दर नऊ इनिंगमागे सरासरी किती रन देतो तो आकडा) ४.८७ होता, म्हणजे सुमारच. वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या मॅचला चार इनिंगसुद्धा पूर्ण न करता पाच वॉक दिले. २००३ मध्ये यांकीजविरुद्धच्याच सीरिजच्या सातव्या मॅचच्या अकराव्या इनिंगला त्यांच्या ॲरन बूनने सीझन संपवणारा होमरन मारला तो यालाच. हे सगळं मूळ लेखात यायला हवं होतं, आलं नाही, चुकलं. पण मी जे साडेआठ मार्क दिलेत ते मेल्यानंतरच्या सहानुभूतीचे नाहीत, ते दोन दिवसांचे आहेत. त्या १९-८ च्या मॅचमध्ये आमचे पिचर एकामागून एक आडवे होत होते, तेव्हा हा स्वतःहून उठून म्हणाला मी टाकतो, आणि दुसऱ्या दिवशीचा स्वतःचा स्टार्ट (मॅचची सुरुवात करायचा मान) घालवून हरलेल्या मॅचमध्ये तीनपेक्षा जास्त इनिंग टाकल्या. बाकीच्या पिचरचे हात वाचले, ते पुढच्या दोन रात्री कामी आले.

आणि दुसरा दिवस म्हणजे त्याच सीरिजची पाचवी मॅच. ती जवळून सांगतो कारण ती रात्र मी विसरणार नाही. सोमवार, दुसऱ्या दिवशी ऑफिस, संध्याकाळी पाचच्या सुमाराला सुरू झालेली मॅच अकरा वाजत आले तरी चालूच, रूमपार्टनरने कुकर लावला होता तो गार होऊन गेला. तेरावी इनिंग, ४-४, वेकफील्ड टाकतोय. पण त्याचा नेहमीचा कॅचर (विकेटकीपरसारखा) डग मिराबेली, जो याच्यासाठी खास मोठा ग्लोव्ह घालायचा, तो नाही, मागे व्हेरिटेक बसलाय. त्याला नकलबॉल पकडायची सवय नाही. यांकीजचा शेफील्ड स्ट्राइकआऊट झाला, पण बॉल व्हेरिटेकच्या हातून निसटला म्हणून पळत पहिल्या बेसवर पोचला! मग आणखी एक निसटला. मग तिसरा. एका इनिंगमध्ये तीन. यांकीजचे दोघं दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, अजून एक निसटला की रन, आणि रन म्हणजे बहुतेक सीझन संपला. व्हेरिटेक ग्लोव्हने नाही, छातीने बॉल अडवायच्या तयारीत असल्यासारखा बसलेला. आणि वेकफील्डने काय करावं? परत नकलबॉलच टाकला. दुसरं काही नव्हतंच त्याच्याकडे टाकायला. यांकीजच्या सिएराने बॅट फिरवली, हुकली, व्हेरिटेकने बॉल धरला. आमच्या खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला काठी मारली, बहुतेक आम्ही उड्या मारल्या म्हणून. चौदाव्या इनिंगला ऑर्टिझच्या सिंगलवर आमचा डेमन पळत आला आणि जिंकलो. आदल्या रात्रीची मॅच याच ऑर्टिझने मध्यरात्र उलटून गेल्यावर होमरनने संपवली होती, म्हणजे कॅलेंडर बघाल तर दोन्ही १८ ऑक्टोबरलाच.

ज्या बॉलने कॅचरला घाम फोडला त्याच बॉलने सिएरा हुकला. याचे मार्क कापायचे कुठून सांगा.

बरं, ऑर्टिझबद्दल तुम्ही काही म्हणाला नाहीत पण माझ्याच लेखाला एक पुरवणी. मी लिहिलं होतं 'ग्लोव्ह शून्य'. त्याला मिनेसोटाच्या टीमने २००२ च्या शेवटी सोडून दिला होता, आणि बॉस्टनमध्ये तो बहुतेक वेळा नुसता बॅटिंगपुरता, डीएच म्हणून (म्हणजे पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा). पण वर्ल्ड सीरिजची तिसरी मॅच सेंट लुईसला, तेव्हा नॅशनल लीगच्या मैदानावर डीएच नसायचा, म्हणून याला पहिल्या बेसवर उभं करावं लागलं आणि तिथल्या नेहमीच्या मिलारला बसवलं. सगळ्यांच्या पोटात गोळा. तिसऱ्या इनिंगला त्यांचा पिचर सपन तिसऱ्या बेसवरून घरी यावं की नको या गोंधळात मध्येच घुटमळला, आणि ऑर्टिझने पहिल्या बेसवर आऊट घेऊन लगेच तिसऱ्या बेसला आमच्या म्यूलरकडे असा थ्रो केला की सपन तिथेच गेला. शून्य लिहिलेलं खोडून दोन केलंय.

आता मॅनी. टाळत होतो हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

मॅनी रामिरेझ २००४ ला ४३ होमरन, वर्ल्ड सीरिजचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). लेफ्ट फील्डला मात्र देवाच्या भरवशावर. जुलैमध्ये डेमनने सेंटर फील्डवरून केलेला थ्रो याने मध्येच सूर मारून अडवला, आपल्याच माणसाचा थ्रो, आणि बॅट्समन सगळी चक्कर मारून घरी आला. वर्ल्ड सीरिजच्या पहिल्या मॅचला आठव्या इनिंगमध्ये लागोपाठ दोन एरर, म्हणजे फील्डिंगच्या चुका, दुसऱ्यात तर घसरत कॅच घ्यायला गेला आणि पाय गवतात अडकून बॉल ग्लोव्हला लागून पडला, ९-७ ची लीड गेली. (ती मॅच वाचवली कोणी, तर हूट केलेल्या बेलहॉर्नने. म्हणून मला जास्तच लाज वाटली.) हे सगळं मी 'गंमत' म्हणून लिहिलं आणि त्याचं मी अजूनही समर्थन करतो. फेनवेचा लेफ्ट फील्ड तोकडा आहे, मागे ३७ फुटी ग्रीन मॉन्स्टर भिंत, तिच्यावरून बॉल कसा उसळतो ते याला चांगलं ठाऊक झालं होतं. वाईट फील्डर लपवायचा असेल तर यापेक्षा बरी जागा अख्ख्या लीगमध्ये नाही. आणि सेंट लुईसच्या त्याच तिसऱ्या मॅचला पहिल्या इनिंगमध्ये याने त्यांच्या लॅरी वॉकरला घरी थ्रो करून आऊट केलं, हे पण धरा.

पण तुमचं वाक्य होतं, 'मैदानाबाहेरचं काय?' आणि ते लागलं. २००८ मध्ये त्याने टीमच्या प्रवासाची व्यवस्था बघणाऱ्या वयस्कर माणसाला तिकिटांवरून ढकलून खाली पाडलं. नंतर डॉजर्स या दुसऱ्या टीमकडे गेल्यावर २००९ ला ड्रग टेस्टवरून ५० मॅचची बंदी, २०११ ला परत पकडला गेला. ५५५ होमरन असून बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (मानाच्या यादीत) जागा नाही. हे मी लिहिलं नाही. 'लेख २००४ चा आहे' असं मी म्हणू शकतो आणि काल रात्री तेच म्हणणार होतो. पण मग वेकफील्डच्या चांगुलपणाबद्दल लिहिताना २०१० चा क्लेमेंटे पुरस्कार (खेळाडूच्या समाजकार्यासाठी मिळतो तो) मी बरोबर आणला होता की! बेलहॉर्नचे स्ट्राइकआऊट हे त्याच्या वॉकची दुसरी बाजू, वेकफील्डचे निसटलेले बॉल हे नकलबॉलची दुसरी बाजू, असं मला वाटतं आणि सांगता येतं. म्हाताऱ्या माणसाला ढकलणं ही कुठल्याही बॅटिंगची दुसरी बाजू नाही. तो निव्वळ दोष आहे, सुटा, आणि मी तो गालिच्याखाली सारला होता.

आमचा पिचर डेरेक लो, त्याच्यात पण माझं हे दुसऱ्या बाजूचं गणित बसत नाही. सीझनभर ५.४२ चा ईआरए, प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) मॅच सुरू करणारा पिचर म्हणून सुद्धा नको होता कोणाला, आणि तिन्ही सीरिजची शेवटची मॅच जिंकली ती यानेच. वर्ल्ड सीरिजच्या चौथ्या मॅचला सात इनिंग, एकही रन नाही. का? मला माहीत नाही, त्याचे मार्क काढून तिथे रेघ मारलीये.

तर मूळ लेखात आज बदल केलेत ते असे: मॅनी नऊवरून साडेसहा, आणि २००८ चा प्रसंग त्याच्याखाली लिहिलाय. वेकफील्ड साडेआठच, पण ते पाच वॉक आणि बूनचा होमरन टाकलाय. बेलहॉर्नला सहाचे साडेसात. आठ द्यायचा विचार होता पण म्हटलं नको, १७७ म्हणजे १७७.