पायरेट्सचा चाहता मुरवण्याची कृती

बेसबॉलमधला हरणारा संघ निवडताना नवखे लोक हटकून एक चूक करतात. ते थेट तळाला हात घालतात. 2024 मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स 162 पैकी 121 सामने हरले, 2025 मध्ये कोलोरॅडो रॉकीज 119. आकडे डोळ्यांत भरतात खरे, पण असल्या संघाचा उपयोग नाही. एवढं हरलं की बातमी होते, बातमी झाली की सहानुभूती मिळते, आणि मे महिन्यातच आशा मरून तुम्ही मोकळे होता. निष्ठा मुरायला आशा जिवंत लागते, मंद आचेवर. त्यासाठी पिट्सबर्ग पायरेट्ससारखा माल दुसरीकडे मिळायचा नाही. 2023 मध्ये 76 विजय, 86 पराभव. 2024 मध्ये 76 विजय, 86 पराभव. (छपाईची चूक नाही.) 2025 मध्ये 71 आणि 91. म्हणजे धड बुडत नाही, धड तरत नाही.

शिवाय घराणं जुनं. 1993 ते 2012 अशी सलग 20 वर्षं या संघाने जिंकले त्याहून जास्त सामने हरले. पहिल्या वर्षी जन्मलेलं पोर शेवटच्या वर्षी कॉलेजात होतं.

पहिला धडा, तिथी पाठ करा: 14 ऑक्टोबर 1992. अटलांटा ब्रेव्जच्या मैदानावर नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा निर्णायक सातवा सामना. नववी, म्हणजे शेवटची इनिंग सुरू झाली तेव्हा पायरेट्स 2-0 ने पुढे. संपली तेव्हा 3-2 ने घरी. दोन आऊट झाले असताना (तिसऱ्यावर इनिंग संपते) अटलांटाच्या फ्रान्सिस्को कॅब्रेरा या राखीव खेळाडूने चेंडू डावीकडे मारला, तिथून पायरेट्सच्या बॅरी बाँड्सने होमकडे (शेवटचा बेस, तिथे पोचलं की रन) फेकला, आणि सिड ब्रीम विजयी रन घेऊन घसरत आत आला. ब्रीम पळायला संथ, गुडघ्यावर शस्त्रक्रिया झालेला, आणि दोनच वर्षांपूर्वीपर्यंत पायरेट्सचाच खेळाडू. ‘सेफ होता की आऊट’ या वादात पडू नका, सेफच होता. फेक पहिल्या बेसच्या बाजूला थोडी सरकली, तेवढं दुःख पुरे. त्यानंतर बाँड्स सहा वर्षांच्या 4 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि 20 वर्षांचं अनुष्ठान सुरू झालं.

आता जर्सी. इथे पैसे वाया जातात, म्हणून नीट वाचा. पाठीवर चालू खेळाडूचं नाव घालून घेणं म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवर बसवणं. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या लीगमध्ये, सहा वर्षं भरली की खेळाडू हव्या त्या संघात जायला मोकळा होतो, आणि एक वर्ष म्हणजे 172 दिवस. मोसम त्याहून दोनेक आठवड्यांनी मोठा असतो. म्हणून गुणी पोराला एप्रिलभर खालच्या लीगमध्ये ‘अजून थोडा अनुभव’ घ्यायला ठेवलं की तो आणखी एक वर्ष स्वस्तात राबतो. ही लबाडी बऱ्याच संघांची, एकट्या पायरेट्सची नाही. तेवढी सोसूनही खेळाडू महाग व्हायला लागला की त्याला विकतात. जानेवारी 2018 मध्ये पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोल गेला आणि दोन दिवसांत अँड्र्यू मकचेनही गेला. त्याच वर्षी जुलैअखेर उलटा उत्साह आला आणि एका ख्रिस आर्चर नावाच्या पिचरच्या बदल्यात ग्लासनाउ, मेडोज आणि बाझ असे तिघे देऊन टाकले. तेव्हा जर्सी घ्यायचीच तर 21 नंबरची, पायरेट्सचा जुना तारा रोबेर्तो क्लेमेंतेची घ्या. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना 31 डिसेंबर 1972 ला त्याचं विमान कोसळलं. त्याला कुणी विकू शकत नाही.

स्कोअरकार्ड स्वतः भरायला शिका. टीव्हीवर नुसतं बघितलेलं दुःख अंगी लागत नाही. पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला) 6, मग लांब उभे असलेले तिघे डावीकडून उजवीकडे 7, 8, 9. चेंडू 6 कडून 4 कडे, 4 कडून 3 कडे गेला की दोन गडी बाद, ‘6-4-3’. पेन्सिलच वापरा, खोडरबरासह, कारण मध्येच असं काही घडतं:

27 मे 2021. पिट्सबर्गमध्ये शिकागो कब्जची बॅटिंग, दोन आऊट, दुसऱ्या बेसवर काँट्रेरास. हावियेर बाएझने चेंडू तिसऱ्या बेसकडे मारला. फेक पहिल्या बेसच्या जरा अलीकडे आली, पायरेट्सच्या विल क्रेगने ती नीट घेतली. आता मागे फिरून बेसवर पाय टेकवायचा, की इनिंग खलास. मग कुणी होम गाठलं तरी तो रन धरत नाहीत. पण बाएझ उलटा होमच्या दिशेने पळाला, आणि क्रेग बेसकडे पाठ करून त्याच्या मागे! एवढ्यात काँट्रेरास होमवर पोचला, क्रेगने कॅचरकडे चेंडू दिला, काँट्रेरास सेफ. बाएझने स्वतःच हात पसरून सेफची खूण केली आणि मग आठवण झाल्यासारखा पहिल्या बेसकडे सुटला. कॅचरची फेक चुकली, तो दुसऱ्या बेसवर. हे सगळं टिचभर चौकोनात बसवून दाखवा. कार्ड फाटलं तर अभ्यास बरोबर चाललाय.

विजयाचं पथ्य पराभवापेक्षा कडक. 15 मे 2022 ला पायरेट्सनी सिनसिनाटीला 1-0 ने हरवलं, एकही हिट (बेस गाठून देणारा फटका) न मारता. वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकटचा बेस) मिळत गेले, एक रन आला. अशा दिवशी पेढे वाटू नयेत, उगाच दृष्ट लागते. 2013 ते 2015 मध्ये संघ सलग तीन वर्षं प्लेऑफला गेला, तेव्हा किती जणांचं व्रत मोडलं. 2015 मध्ये तर 98 सामने जिंकले, आणि बाद फेरीच्या एकाच सामन्यात कब्जकडून 4-0. तेव्हा कुठे मंडळी ताळ्यावर आली.

संघाचा पिचर पॉल स्कीन्स, त्याच्यापासूनही जपून. 2025 मध्ये तो दर नऊ इनिंगला सरासरी 1.97 रन देत होता. सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. त्याची जय-पराजयाची नोंद 10-10. तो बॉल टाकतो, बाकीचे बॅट घेऊन उभे राहतात, म्हणजे नुसते उभे राहतात.

मैदानाला जावं की नाही? पीएनसी पार्क 2001 चं, नदीकाठी, समोर क्लेमेंते पूल आणि त्यापलीकडे शहराचे मनोरे. उजवीकडची भिंत बरोबर 21 फूट. मधल्या वेळेत पिएरोगींची शर्यत लागते, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या, माणसाएवढ्या करंज्या पळतात. त्यातली कोणतीतरी नक्की जिंकते. जा.

पुण्या-नाशकात बसून निष्ठा पाळणाऱ्यांची सोय तर आणखी चांगली. तिथल्या संध्याकाळी 6.40 चा सामना आपल्याकडे पहाटे 4.10 ला लागतो. 2023 पासून पिचरवर घड्याळ लावल्यामुळे अडीच-पावणेतीन तासांत उरकतो. दूध उतू जाण्याच्या वेळेला पराभव हातात. ‘आपला काय संबंध?’ असं घरच्यांनी विचारलंच तर सांगा, 2008 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकपटूंना टीव्हीवरच्या स्पर्धेतून उचलून करार दिला तो याच संघाने. दोघेही मेजर लीगपर्यंत पोचले नाहीत, हे विचारल्याशिवाय सांगू नका.

ऑगस्ट सरला की वहीच्या मागच्या पानावर रोज एक गणित मांडा: 163 वजा गटातल्या पहिल्या संघाचे विजय वजा आपले पराभव. ते 80 जिंकले, आपण 75 हरलो, उरले 8. दोघांचं काही ना काही होत आकडा उतरत जातो. शून्य झालं की गटविजेतेपदाचा विषय संपला. इकडे गणपती पाण्यात जातात त्याच सुमारास हे होतं, त्यामुळे वेगळी घोषणा पाठ करावी लागत नाही. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ दोन्हीकडे चालते.

उरलेले सामने सोडायचे नाहीत. ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिकाही बघायची. 2024 ला यांकीजकडून कोल खेळत होता, आणि डॉजर्सच्या ताफ्यात, दुखापतीमुळे का होईना, ग्लासनाउ होता. कुणीही जिंको, शेजाऱ्याकडे वळून म्हणायचं, ‘आधी आमच्याकडेच होता तो.’