आठशे कॅलरी, तासभर घाम आणि दहा किलोचा हिशोब

तो मेसेज परत आलाय. मागे गणपतीच्या आधी आला होता, आता लग्नसराईच्या तोंडावर. मजकूर तोच, फक्त डोक्यावर दुहेरी बाण, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते:

'रोज फक्त ८०० कॅलरी खा, तासभर घाम गाळा, महिन्यात १० किलो कमी. साधा हिशोब आहे. पोळी, भाकरी, भात बंद. कोशिंबीर आणि मूठभर दाणे चालतील. घड्याळात जळलेल्या कॅलरी दिसतात तेवढी चरबी गेली समजा. व्यायाम करून वर खाल्लंत तर व्यायाम पाण्यात. चक्कर आली, केस गळले तरी घाबरू नका, विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत. वजन थांबलं की आणखी २०० कमी करा. ब्रिटनच्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय. दहा जणांना पाठवा.'

मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञही नाही. पण हा प्रयोग मी स्वतःवर चार महिने केलेला आहे. तेव्हा मी जात होते त्या जिममध्ये असाच एक छापील कागद हातात दिला होता. त्यानंतर वाचायला लागले, स्वयंपाकघरात वजनकाटा आणला. त्या जोरावर एकेक मुद्दा घेते.

आधी तो 'साधा हिशोब'च करून बघू. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरतात. दहा किलो म्हणजे ७७,०००. तीस दिवसांत भागा: रोज साधारण २५६५ कॅलरींची तूट हवी. आता हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेले आकडे बघा. ५५ किलोच्या, मध्यम अंगमेहनत करणाऱ्या बाईची दिवसाची गरज २१३० कॅलरी. बैठं काम असेल तर १६६०. म्हणजे या बाईने महिनाभर पाण्याशिवाय काहीही तोंडात घातलं नाही, तरी दहा किलो चरबी जात नाही. आठशे खाऊन कुठून जाणार?

मग काट्यावर पहिल्या आठवड्यात तीन किलो कमी दिसतात ते काय? बरंचसं पाणी. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, स्वतःच्या साधारण तिप्पट पाणी धरून असते. भात-भाकरी बंद केली की ती संपते आणि पाणी निघून जातं. पुन्हा नेहमीसारखी भात-भाकरी खाल्ली की त्यातलं बरंचसं पाणी परत. त्यात चरबी ना आलेली असते ना गेलेली. माणूस मात्र काट्याकडे बघून आधी हुरळतो आणि मग रडतो. मी दोन्ही केलंय.

'व्यायाम करून वर खाल्लंत तर व्यायाम पाण्यात.' या एका वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलंय असं मला वाटतं, कारण ते ऐकायला अगदी बरोबर वाटतं.

शरीराला व्यायामासाठी जसं इंधन लागतं तसं बाकीच्या कामांसाठीही लागतं: हृदय, मेंदू, हाडांची डागडुजी, पाळी, अंगातली ऊब. क्रीडावैद्यकात यासाठी एक सोपी वजाबाकी करतात. खाल्लेल्या कॅलरींतून व्यायामात गेलेल्या वजा करायच्या आणि उरलेल्यांना चरबी सोडून असलेल्या वजनाने भागायचं. माझंच उदाहरण घेते. तेव्हा वजन ६२ किलो, त्यातली चरबी बाजूला काढली तर साधारण ४० किलो. खाणं ८००, व्यायामात ३००. उरल्या ५००, म्हणजे किलोमागे साडेबारा. अमेरिकेत ॲन लाउक्स यांनी तरुण बायकांवर केलेल्या प्रयोगात किलोमागे ३०च्या खाली गेल्यावर अवघ्या पाच दिवसांत पाळीशी संबंधित संप्रेरकांची लय बिघडायला लागली होती. तीसचा आकडा ही काही लक्ष्मणरेषा नाही. त्या बायका साधारण बांध्याच्या होत्या. अंगावर साठा जास्त असेल तर शरीर थोडं जास्त सोसतं. पण साडेबारा म्हणजे जवळपास कुठेच नाही. माझी पाळी तिसऱ्या महिन्यात थांबली. जिममधल्या मुलाला सांगायची लाज वाटली, आणि घरी मी ती बातमी सुटका झाल्यासारखी सांगितली. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

ऑलिंपिक समितीने २०१४ साली या प्रकाराला 'खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता' असं नाव देऊन खेळाडूंसाठी इशारा काढला. हाडं ठिसूळ होणं, वारंवार आजारी पडणं, मनाचा चिडचिडेपणा हे सगळं त्यात आहे. पुरुषांनाही होतं. आपण काही ऑलिंपिकला चाललो नाही हे खरं, पण शरीराला पदकाशी देणंघेणं नसतं.

मग किती खायचं? माझ्यासाठी वरचीच वजाबाकी उलटी केली: चाळीस किलोला तीसने गुणलं, १२००, त्यात व्यायामाचे ३००. म्हणजे पंधराशेच्या खाली जायचं नाही. दिवसाला चार-पाचशेची तूट त्यातही पडते. वजन आठवड्याला पाव ते अर्धा किलोने उतरतं. लग्नाच्या तारखेला पुरत नाही, मान्य.

आता घड्याळ. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ साली सात प्रकारची मनगटी यंत्रं ६० जणांवर तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यात चांगल्या यंत्राची सरासरी चूक २७ टक्के निघाली आणि सगळ्यात वाईटाची ९३. शिवाय पुष्कळ घड्याळं त्या तासात नुसतं बसून जळल्या असत्या त्या कॅलरीही धरतात. माझ्या वजनाची बाई तासाभरात पाच किलोमीटर चालली तर बसण्यापेक्षा जास्तीच्या जळतात त्या दीडशे-एकशेसाठ. घड्याळ बिनदिक्कत तीनशे दाखवतं. म्हणून मी घड्याळाचा आकडा निम्मा धरते. आणि गरजेचा आकडा 'मध्यम अंगमेहनती'चा घेतला असेल तर व्यायाम त्यात आलेलाच असतो, तो पुन्हा जोडत नाही. ही दुबार नोंद मी कित्येकांच्या वहीत पाहिली आहे.

पोळी-भाकरी बंद, मूठभर दाणे चालू. इथे मला वजनकाटा आठवतो. काटा आणला त्या संध्याकाळी मी आमच्या घरची भाकरी थापायच्या आधी पीठ तोललं. साठ ग्रॅम ज्वारीचं पीठ, म्हणजे सुमारे दोनशे कॅलरी. मग दाण्यांच्या डब्यात हात घातला आणि माझी 'मूठ' काट्यावर ठेवली: ३८ ग्रॅम. दाणे शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या आसपास जातात. माझी मूठही दोनशेचीच! जिला चार महिने वैरीण मानलं ती भाकरी आणि टीव्ही बघताना येता-जाता तोंडात टाकलेले दाणे, दोघं सारख्याच तोलाचे. दाणे वाईट नाहीत, पण 'चालतील' म्हटलं की ते कुणी मोजत नाही, आणि आपल्याकडे तर कूट कोशिंबिरीतही असतं, भाजीतही. उपवासाच्या खिचडीबद्दल बोलतच नाही. एवढंच, की साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य.

खरी मोजायची वस्तू तेल आहे. भाजीत किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, कारण पळी हाताच्या सवयीने ओतते. त्यासाठी माझी युक्ती अशी: वाणसामानाची यादी काढायची. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल येत असेल, तर ते सुमारे ४५५० ग्रॅम. ग्रॅमला नऊ कॅलरी. माणशी दिवसाला ३४० होतात. दीड भाकरीपेक्षा जास्त, आणि ताटात कुठे दिसत नाही! पाचाचे तीन लिटर केले तर माणशी एकशेपस्तीसची बचत, तीही कुणाची भाकरी न काढता. सासूबाईंनी पहिले पंधरा दिवस 'भाजी कोरडी लागते' म्हटलं, मग विसरल्या.

भाकरी ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे प्रथिनं. राष्ट्रीय पोषण संस्थेचाच हिशोब वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, वजन उतरवताना थोडी जास्तच लागतात, नाहीतर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. नुसत्या कोशिंबिरीवर ती कशी भरणार? माझ्या वहीतला परवाचा दिवस देते. सकाळी दोन अंडी आणि एक भाकरी. दुपारी दोन पोळ्या, पन्नास ग्रॅम सुक्या मटकीची उसळ, वाटीभर दही. संध्याकाळी फुटाणे. रात्री वरण-भात, वर चमचाभर तूप, पालेभाजी. चहा दोनदा, साखर अर्धा चमचा. बेरीज पंधराशे ते सोळाशेच्या मध्ये, प्रथिनं साठ ग्रॅमच्या आसपास. कुणालाही हे 'डाएट' वाटणार नाही, आणि तेच मला हवं आहे.

चक्कर आणि केसांबद्दल थोडक्यात. विषारी द्रव्यं बाहेर टाकायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, ती रोज काम करतात, उपाशी राहायची वाट बघत नाहीत. केस उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात, म्हणून आपण शाम्पूला दोष देतो. आठवड्याला दीड किलोपेक्षा जास्त वेगाने वजन उतरलं तर पित्ताशयात खडे व्हायचा धोका वाढतो. मेसेजमधला वेग दोन किलोच्या वर आहे. आणि २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांत रक्त कमी निघालंय. त्यांना चक्कर आली तर घाबरायलाच हवं, निदान हिमोग्लोबिन तपासण्यापुरतं.

'वजन थांबलं की आणखी २०० कमी करा.' याच्या उत्तरात ग्रूपवर एका ताईंनी लिहिलं, 'कमी खाल्लं की शरीर उपासमारीच्या पवित्र्यात जातं आणि वजन उलट वाढतं.' ताई माझ्या बाजूच्या आहेत, पण हेही खरं नाही.

मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सल कीज यांनी १९४५ साली ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. युद्धाने उपाशी झालेल्या युरोपला परत कसं जेवू घालायचं हे शोधण्यासाठी ते स्वतःहून तयार झाले होते. आठवड्याला ३५ किलोमीटर चालायचं आणि दिवसाला सुमारे १५७० कॅलरी खायच्या. त्यांचं वजन वाढलं नाही, सुमारे चतुर्थांशाने घटलं. पण शरीराचा बसल्या जागचा खर्च जवळपास ४० टक्के उतरला. उन्हाळ्यातही थंडी वाजायची, पाय सुजायचे, जिने चढवेनात, आणि ही तरुण पोरं पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायची! ते वाचताना मी थबकले. त्या चार महिन्यांत मी रात्री एक वाजेपर्यंत मिसळीचे व्हिडिओ बघत असायचे. १५७०ला त्यांनी 'उपासमार' म्हटलं होतं, आणि आमचा मेसेज ८०० म्हणतोय.

तेव्हा वजन थांबतं ते कशाने? शरीर खर्च आवरतं, ते हलकं झाल्यामुळेही खर्च घटतो, पाळीच्या आधी पाणी साठतं. आणि चौथं, जे ऐकायला कुणाला आवडत नाही: मोजणी चुकते. न्यूयॉर्कमध्ये १९९२ साली 'आम्ही एवढंसं खातो तरी वजन हलत नाही' म्हणणाऱ्या दहा जणांचा खरा खर्च विशेष पाण्याच्या चाचणीने मोजला. चयापचय बिघडलेला नव्हता. ते खाणं ४७ टक्के कमी सांगत होते आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटारडे नव्हते, पळी, मूठ आणि घड्याळ यांनी फसलेले होते. त्यामुळे वजन थांबलं की मी खाणं कमी करत नाही. आधी आठवडाभर सगळं तोलून लिहिते. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो.

राहिला ब्रिटनचा दाखला. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच जास्त घातक. २०१७ साली तिथे खरंच एका मोठ्या चाचणीचे निकाल जाहीर झाले, आठशेच्या जरा वर, ८२५ ते ८५३ कॅलरी, तीन ते पाच महिने. वर्षाअखेर जवळपास निम्म्यांचा टाइप दोन मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. पण ते जाड आणि सहा वर्षांच्या आत निदान झालेले मधुमेही होते. कोशिंबीर नाही, जीवनसत्त्वं-प्रथिनं मोजून घातलेली तयार पेयं आणि सूप घेत होते, दवाखान्याच्या देखरेखीखाली. त्या काळात व्यायाम वाढवायला सांगितलंच नव्हतं. आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या, कारण खाणं इतकं कमी करून गोळ्या चालू ठेवल्या तर साखर किंवा रक्तदाब धोकादायक खाली जाऊ शकतो.

हे शेवटचं वाक्य मेसेजमध्ये नाही. आमच्या ग्रूपवर मला माहीत असलेले चौघे मधुमेहाच्या गोळ्या घेतात आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका इन्शुलिनवर आहेत. काकांनी काल रात्री त्या मेसेजला अंगठा दिलाय आणि खाली लिहिलंय, 'सोमवारपासून.' आज रविवार आहे. हे टाइप करून झालं की खाली जाऊन येते.